परीक्षकाचा वेग : संगणक-जाळ्यांची भारचाचणी आणि पाकिटांची निर्मिती



आजचा विषय ऐकायला रूक्ष वाटेल. पण त्याची सुरुवात एका शब्दापासून होते, आणि शब्दांवर या सभागृहाचा पहिला हक्क आहे. तेव्हा त्या शब्दापासूनच सुरुवात करतो.

इंग्लंडमधल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस हे शास्त्रज्ञ १९६५ च्या सुमारास संगणकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा विचार करत होते. लांबलचक संदेश अखंड पाठवण्याऐवजी त्याचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा, ते वाटेल त्या मार्गाने जाऊ द्यावेत आणि पोचल्यावर पुन्हा जुळवावेत, अशी त्यांची कल्पना होती. अमेरिकेत पॉल बॅरन यांनीही स्वतंत्रपणे असाच विचार मांडला होता. डेव्हिस यांच्यापुढे प्रश्न आला तो या तुकड्याला नाव काय द्यावे याचा. त्यांनी भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि इतर भाषांत सहज नेता येईल असा शब्द निवडला : ‘पॅकेट’. मराठीला तर तो नेण्याचेही कष्ट पडले नाहीत. त्याच इंग्रजी शब्दाचे ‘पाकीट’ करून आपण ते केव्हाच खिशात टाकले होते. वर पत्ता आणि आत मजकूर ही पाकिटाची व्याख्या टपालाला लागू पडते तशीच संगणकालाही पडते. म्हणून आज मी सर्वत्र ‘पाकीट’ हाच शब्द वापरणार आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली मुले-नातवंडे पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात याच पाकिटांच्या व्यवसायात आहेत. ‘नेटवर्किंगमध्ये आहे’ एवढे आपण सांगतो आणि तिथे थांबतो. त्या व्यवसायातले एकच काम आज जरा खोलात जाऊन पाहू : जाळ्याची भारचाचणी, आणि त्यासाठी लागणारी पाकिटे भराभर तयार करण्याची विद्या.

चाचणी कशासाठी?

नवा पूल वाहतुकीला खुला करण्याआधी त्यावर भरलेले ट्रक उभे करून पाहतात. पूल किती वाकतो आणि भार काढल्यावर पूर्ववत होतो की नाही, याची नोंद घेतात. संगणकांच्या जाळ्यातही असे पूल असतात. राउटर पाकिटांना वाट दाखवतो, स्विच ती योग्य दाराशी नेऊन सोडतो, फायरवॉल नको ती पाकिटे अडवते. रुग्णालयातले तपासणीचे अहवाल, बँकेचे व्यवहार, दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस, सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळ तिकिटांसाठी उसळणारी गर्दी, हे सारे या यंत्रांमधून वाहत असते. एरवी ती निवांत असतात. त्यांचा खरा कस लागतो तो गर्दीच्या घटकेला, आणि त्या घटकेला ती कोलमडली तर हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून खोटी गर्दी आधीच निर्माण करून पाहायची. हीच भारचाचणी.

या चाचणीची शिस्त ठरलेली आहे. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या मंडळींनी मार्च १९९९ मध्ये ‘आरएफसी २५४४’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. स्कॉट ब्रॅडनर आणि जिम मॅकक्वेड हे त्याचे लेखक. यंत्राची क्षमता मोजताना वापरायची व्याख्या मोठी कडक आहे : पाठवलेल्या पाकिटांपैकी एकही न गमावता यंत्र ज्या कमाल वेगाने ती पुढे पाठवू शकते, तो वेग म्हणजे त्याची क्षमता. शंभरातली नव्याण्णव पोचली, एवढ्याने भागत नाही. पद्धतही सोपी आहे. एका वेगाने पाकिटे सोडायची. एक जरी हरवले तर वेग कमी करून पुन्हा सोडायची. एकही न हरवता जो सर्वांत मोठा वेग सापडेल तो लिहून ठेवायचा, आणि तो निदान ६० सेकंद टिकला पाहिजे.

आता यातली अडचण लक्षात घ्या. समजा, एखादा राउटर सेकंदाला पन्नास लाख पाकिटे हाताळू शकतो, पण त्याने एक कोटी हाताळावीत अशी आपली गरज आहे. चाचणी घेणारा संगणक मात्र सेकंदाला वीस लाखच पाकिटे तयार करू शकतो. वीस लाख सोडली आणि वीस लाख पोचली. एकही हरवले नाही, राउटर उत्तीर्ण! प्रत्यक्षात राउटरची परीक्षा झालीच नाही. परीक्षा झाली ती परीक्षकाची, आणि तोच नापास झाला. याच्या उलटही घडते. पलीकडे पाकिटे मोजून घेणारा संगणक मंद असेल तर त्याच्याकडून सुटलेली पाकिटे राउटरने हरवली असा निष्कर्ष निघतो आणि निर्दोष यंत्रावर ठपका येतो. तेव्हा पाकिटे तयार करण्याचा वेग वाढवणे हा केवळ हौसेचा विक्रम नव्हे. तो वेग नसेल तर हातात पडणारे प्रमाणपत्र खोटे असते.

वजन नव्हे, संख्या

किती वेग हवा, याचा हिशेब कागदावर करता येतो. आज कार्यालयांत आणि सर्व्हरच्या खोल्यांत सर्रास आढळणारी १० गिगाबिटची जोडणी घेऊ. म्हणजे सेकंदाला एक हजार कोटी बिट, एक किंवा शून्य. ईथरनेटच्या नियमानुसार सर्वांत लहान पाकीट ६४ बाइटचे असते. त्याच्या आधी ८ बाइटची पूर्वसूचना जाते आणि दोन पाकिटांमध्ये १२ बाइटइतकी मोकळी जागा सोडावी लागते. एकूण ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. एक हजार कोटीला ६७२ ने भागा : सेकंदाला १,४८,८०,९५२ पाकिटे. सर्वांत मोठे नेहमीचे पाकीट १५१८ बाइटचे असते. तशी पाकिटे त्याच तारेवरून सेकंदाला जेमतेम ८,१२,७४३ जातात. तार तीच आणि तितकीच भरलेली, पण कामाच्या ओझ्यात अठरा पटींचा फरक.

कारण टपालवाल्याला विचारा. पाकिटात चिठ्ठी एक पानी आहे की दहा पानी, याने त्याचे श्रम फारसे बदलत नाहीत. पत्ता वाचणे, गल्ली शोधणे, दार ठोठावणे हे प्रत्येक पाकिटामागे एकदाच करावे लागते. संगणकाचेही तसेच आहे. पाकिटाच्या वजनापेक्षा संख्या जड पडते. म्हणूनच विक्रेता जेव्हा ‘आमचे यंत्र दहा गिगाबिट सहज पेलते’ असे सांगतो, तेव्हा जाणकार लगेच विचारतो : कोणत्या आकाराच्या पाकिटांनी? आरएफसी २५४४ मध्ये ६४ पासून १५१८ बाइटपर्यंत सात आकार सांगितले आहेत ते याचसाठी.

ही ६४ बाइटची मर्यादा आली कुठून, हेही गमतीचे आहे. आरंभीच्या ईथरनेटमध्ये अनेक संगणक एकाच तारेवर बोलत. दोघे एकदम बोलले तर पाकिटांची टक्कर होई, आणि पाठवणाऱ्याचे पाठवणे संपण्याआधी टकरीची वार्ता त्याच्यापर्यंत परत यावी, म्हणून पाकीट किमान इतके लांब असणे भाग होते. आज प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार असते आणि टक्कर इतिहासजमा झाली आहे. किमान लांबी मात्र तशीच राहिली. रूढी घरातच असतात असे नाही, तारेतही असतात.

एका पाकिटाला किती वेळ?

सेकंदाला सुमारे एक कोटी एकोणपन्नास लाख पाकिटे, म्हणजे एका पाकिटाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश फक्त वीस मीटर जातो, साधारण या व्यासपीठापासून मागच्या दारापर्यंत. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात सुमारे दोनशे ठोके मारतो. दोनशे ठोक्यांत एक पाकीट तयार करून रवाना करायचे, आणि लगेच दुसऱ्याला हात घालायचा.

साधा प्रोग्राम हे काम कसे करतो? लग्नघरातल्या पंगतीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. वाढपी मुदपाकखान्यात जातो आणि नवी वाटी मागतो. आचारी वाटी धुऊन देतो. वाढपी तीत आमटी घेतो, दारात कारभाऱ्याला दाखवतो, कारभारी ती आपल्या वाटीत ओतून घेतो, वहीत नोंद करतो आणि पानावर पाठवतो. मग वाढपी पुन्हा आत जातो. संगणकात हेच घडते. प्रत्येक पाकिटासाठी मेमरीत नवी जागा मागितली जाते. मजकूर तिथे भरला जातो. मग ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारली जाते. ती मजकुराची आणखी एक नक्कल करते, तपासते, रांगेत लावते आणि शेवटी नेटवर्क कार्डाला निरोप देते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या दारातून आत-बाहेर करण्यातच शेकडो ठोके खर्ची पडू शकतात. मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट आणायची तर शंभरेक नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एकच खेप मेमरीपर्यंत घातली की ६७ नॅनोसेकंदांचा सारा शिधा संपून वर उधारी होते.

यात कारभाऱ्याचा दोष नाही. एका घरात शंभर कामे एकदम चालू असताना कोणी कोणाच्या ताटात हात घालू नये, यासाठीच तो असतो. पण आपल्या संगणकाला चाचणीच्या वेळी एकच काम आहे. तेव्हा कोणता शिष्टाचार कुठे सोडता येईल, एवढाच प्रश्न उरतो.

वेग वाढवण्याच्या वाटा

पहिली वाट पुनर्वापराची. लग्नपत्रिका आपण हाताने लिहीत नाही. छापून घेतो आणि नावाची जागा तेवढी कोरी ठेवतो. चाचणीतली पाकिटे बहुतांशी सारखीच असतात, बदलतो तो क्रमांक किंवा पत्ता. मग दरवेळी नवी जागा मागून नवे पाकीट कशाला घडवायचे? आरंभीच नमुने तयार करून ठेवावेत आणि जाताना चार-आठ बाइट बदलावेत. लिनक्समध्ये ‘पीकेटीजेन’ नावाचे पाकिटे निर्माण करणारे साधन आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे रॉबर्ट ऑलसन यांनी २००५ साली ओटावा येथील लिनक्स परिषदेत त्यावर निबंध सादर केला होता. एकच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवलेली आहे. शिवाय हे साधन ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच राहते. म्हणजे वाढपी मुळात मुदपाकखान्यातलाच, दारातून जा-ये करण्याचा त्याला प्रश्नच नाही.

दुसरी वाट घाऊक कामाची. एकेक पोळी घेऊन पानापर्यंत धावणारा वाढपी दमतो आणि पंगतही खोळंबते. म्हणून चळत घेऊन निघावे. नेटवर्क कार्डाला ‘पाकीट तयार आहे’ असे कळवणे हे प्रोसेसरच्या मानाने महागडे काम आहे. या निरोपाला त्या क्षेत्रात ‘दारावरची घंटा’ अशा अर्थाचाच शब्द आहे. प्रत्येक पाकिटामागे घंटा वाजवण्याऐवजी बत्तीस किंवा चौसष्ट पाकिटे रांगेत लावून एकदाच वाजवली, तर तो खर्च सगळ्यांत वाटला जातो. २०१४ साली लिनक्सच्या ३.१८ या आवृत्तीत ही सोय आली. त्यानंतर पीकेटीजेनने एकाच कोअरवर १० गिगाबिटची तार सर्वांत लहान पाकिटांनी पूर्ण भरून दाखवली.

तिसरी वाट मधला हात टाळण्याची. इटलीतल्या पिसा विद्यापीठाचे लुइजी रिझ्झो यांनी २०१२ मध्ये ‘नेटमॅप’ ही रचना मांडली. कार्ड ज्या मेमरीतून पाकिटे उचलते, तीच मेमरी प्रोग्रामला थेट दाखवायची. मग नक्कल करण्याचे कारण उरत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारायची तीही एका चळतीमागे एकदाच. मुद्दाम ९०० मेगाहर्ट्झवर चालवलेल्या एकाच कोअरने या पद्धतीने सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पाकिटे पाठवली. म्हणजे एका पाकिटाला साठेक ठोकेच पुरले. यंत्र मंद होते, तरी रीत बदलल्याने काम झाले. इंटेल कंपनीत २०१० पासून आकाराला आलेली ‘डीपीडीके’ ही रचना आणखी पुढे जाते. ती कार्डच ऑपरेटिंग सिस्टीमकडून काढून घेऊन प्रोग्रामच्या स्वाधीन करते. तिच्या निर्मितीत वेंकी वेंकटेशन या अभियंत्याचा वाटा फार मोठा होता. २०१७ पासून ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे आणि सर्वांना मोफत उपलब्ध आहे.

चौथी वाट घंटेची वाट न पाहण्याची. परीक्षकाला परत आलेली पाकिटेही मोजायची असतात. पाकीट आले की कार्ड प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावते. पाहुणे तुरळक असतील तर दारावरची बेल सोयीची, पण क्षणाला शंभर पाहुणे येऊ लागले तर घरचा माणूस दार उघडण्यातच गुंतून पडतो आणि आतल्या पाहुण्यांना पाणीसुद्धा मिळत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये या अवस्थेचे नेमके वर्णन केले. यंत्र अखंड राबते, पण एकही काम पूर्ण होत नाही. उपाय असा की गर्दीच्या वेळी बेल बंद करावी आणि एका माणसाने दारातच उभे राहावे. आले तेवढे आत घ्यावेत, पुन्हा बाहेर पाहावे. डीपीडीके हेच करते. याची किंमत अशी की दारातला तो माणूस, म्हणजे तो कोअर, गर्दी असो वा नसो, अष्टौप्रहर जागा राहतो आणि वीज खातो.

पाचवी वाट वस्तू हाताशी ठेवण्याची. प्रोसेसरच्या अगदी जवळ कॅश नावाची छोटी पण अतिशय जलद मेमरी असते. ती म्हणजे स्वयंपाक्याच्या हाताशी असलेला मिसळणाचा डबा, आणि मुख्य मेमरी म्हणजे माळ्यावरचे कोठार. पाकिटांच्या जागा मोजक्या असतील आणि त्याच फिरून फिरून वापरल्या तर त्या डब्यात मावतात. रांग उगाच लांब केली की कोठाराच्या खेपा सुरू होतात. म्हणून रांग मोठी तेवढी बरी, ही समजूत इथे चालत नाही. मेमरीच्या पानांचा आकार नेहमीच्या ४ किलोबाइटऐवजी २ मेगाबाइट ठेवला तर कोणते पान कुठे आहे याची यादीही आखूड होते. दोन प्रोसेसरांच्या संगणकात कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलेले आहे त्याच्याच कोअरवर प्रोग्राम चालवावा. दुसऱ्यावर चालवला तर प्रत्येक खेप अंगण ओलांडून होते.

सहावी वाट कामाच्या वाटणीची. एक कोअर अपुरा पडला तर चार लावता येतात, पण प्रत्येकाला कार्डातली स्वतंत्र रांग हवी. एका पातेल्यात चार पळ्या बुडाल्या की ‘आधी तू, आधी तू’ यातच वेळ जातो. बेरजेची पडताळणी करणारा आकडा काढणे यासारखी कामे कार्ड स्वतः करू शकते, ती त्याच्याकडे सोपवावीत. प्रत्येक पाकिटामागे घड्याळ पाहणे, पडद्यावर ओळ छापणे, नवी यादृच्छिक संख्या काढणे या बारीकसारीक सवयीही मोडाव्या लागतात. संख्यांची यादी आधीच करून ठेवावी आणि घड्याळ चळतीमागे एकदा पाहावे.

या सहा वाटांपैकी कोणती आधी धरावी, याचे उत्तर मापनातून मिळते, अंदाजाने नाही. ठोके नेमके कुठे खर्च होतात हे दाखवणारी साधने आहेत. ती लावावीत, एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. पाच बदल एकदम केले आणि वेग वाढला, तर कोणाचे आभार मानायचे ते कळत नाही. पाचांतल्या एकाने तो घटवलेला असेल तर तेही कळत नाही.

वेगाची दुसरी बाजू

इथवर ऐकून असे वाटेल की सर्वांत जलद परीक्षक तोच सर्वांत चांगला. तसे नाही.

पहिली गोष्ट एकसारखेपणाची. एकच पाकीट कोटी वेळा पाठवणे सोपे, पण खऱ्या जगात पाकिटे हजारो पत्त्यांवर जातात. चाचणीत एकच पत्ता असेल तर राउटरला वाट एकदाच शोधावी लागते. पुढे तो आठवणीवर काम भागवतो आणि आहे त्यापेक्षा हुशार दिसतो. उलट, अनेक कोअर असलेली यंत्रे पत्त्यांवरून काम वाटून घेतात. पत्ता एकच असेल तर सारे ओझे एका कोअरवर पडते, बाकीचे रिकामे बसतात आणि यंत्र आहे त्यापेक्षा दुबळे दिसते. म्हणजे एकसुरी चाचणी दोन्ही बाजूंनी खोटे बोलू शकते.

दुसरी गोष्ट लयीची. आपल्या राजवाड्याच्या चौकातून वर्षभरात किती माणसे जातात याची सरासरी काढली तर चौक प्रशस्तच ठरेल. रंगपंचमीला गेर निघते तेव्हा तिथे उभे राहून पाहा, म्हणजे सरासरीचा फोलपणा कळेल. चळतीने पाठवलेली पाकिटेही अशीच झुंडीने निघतात आणि मग क्षणभर शांतता असते. सरासरी वेग ठरल्याप्रमाणेच असतो, पण झुंड आली की राउटरची प्रतीक्षेची जागा भरते आणि पाकिटे गळतात. सम अंतराने आली असती तर तीच पाकिटे सुखरूप गेली असती. म्हणजे ज्या घाऊकपणाने वेग मिळाला, त्यानेच चाचणी बिघडवली. वेग आणि लय यांचा हा तंटा जुना आहे. गवयाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले पॉल एमरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘मूनजेन’ हे साधन सादर केले. त्यांनी या तंट्यावर काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. दोन पाकिटांत नेमके अंतर ठेवायचे तर प्रोसेसरने अचूक क्षणी थांबावे लागते, आणि तेच त्याला जमत नाही. म्हणून त्यांनी थांबणेच रद्द केले. तार सदैव भरलेली ठेवायची, पण जिथे मोकळी जागा हवी तिथे मुद्दाम चुकीच्या पडताळणीचे पाकीट घालायचे. पलीकडच्या यंत्राचे कार्ड असे सदोष पाकीट आत न घेता दारातच टाकून देते. आतल्या प्रोग्रामपर्यंत पोचतात ती फक्त खरी पाकिटे, आणि तीही ठरलेल्या अंतराने. तबल्याच्या तालात मोकळी मात्रा असते. वादक त्या वेळी थांबत नाही, फक्त घुमणारा बोल टाळतो. साधारण तसाच हा प्रकार. शिवाय वेळेची नोंद प्रोग्रामऐवजी कार्डातल्या घड्याळाकडून करून घेतल्याने विलंबाचे मापही अचूक मिळाले. एरवी अशा अचूकतेसाठी खास बनवलेली महागडी चाचणीयंत्रे घ्यावी लागतात. बाजारातल्या साध्या कार्डावर ती साधल्यामुळे लहान संस्थांना आणि महाविद्यालयांनाही हे काम आवाक्यात आले.

मर्यादा आणि जबाबदारी

सेकंदाला दीड कोटी पाकिटांचा मारा करणारे यंत्र हे दुधारी आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या अमेरिकन कंपनीवर असाच मारा झाला. इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणे हे तिचे काम होते. ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रोग्रामने घराघरांतले कॅमेरे आणि राउटर वेठीला धरून ही पाकिटे सोडली होती, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेकांना कित्येक तास मिळेनाशा झाल्या. हल्ला आणि चाचणी यांत पाकिटांचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो परवानगीचा आणि जागेचा.

म्हणून चाचणी ही चालत्या जाळ्यापासून तोडलेल्या बंदिस्त जागेतच करावी, असा दंडक आहे. आरएफसी २५४४ च्या चाचण्या चालू जाळ्यावर घेणे घातक आहे, हे बजावण्यासाठी २०१२ मध्ये आरएफसी ६८१५ हा स्वतंत्र दस्तऐवज काढावा लागला. पत्त्यांची एक पेठही फक्त चाचणीसाठी राखून ठेवलेली आहे : १९८.१८.०.० पासून १९८.१९.२५५.२५५ पर्यंत. या पत्त्यांवर जगात कोणाचे घर नाही. चुकून पाकीट बाहेर निसटले तरी ते कोणाच्या दारावर आदळू नये, एवढी काळजी त्यामागे आहे.

शेवटी, ज्या प्रश्नाने सुरुवात केली त्याकडे वळतो : परीक्षकाची परीक्षा कोणी घ्यायची? त्याची रीत अगदी साधी आहे. राउटर मध्ये ठेवण्याआधी पाठवणारे आणि मोजणारे यंत्र एकाच तारेने थेट जोडावे आणि पूर्ण वेगाने पाकिटे सोडावीत. इथे जे हरवेल ते परीक्षकाचे, जो वेग मिळेल ती परीक्षकाची मर्यादा. हा आकडा आधी लिहून ठेवावा. त्यानंतर राउटर मध्ये घालावा. दोन्ही आकडे सारखेच आले, तर राउटरची मर्यादा आपल्याला अजून दिसलेलीच नाही, असे अहवालात प्रामाणिकपणे लिहावे. हे एक वाक्य लिहिण्याचे धैर्य नसल्याने कित्येक यंत्रे खोट्या प्रमाणपत्रासह विकली जाऊ शकतात.

आपल्यापैकी कोणी शाळेच्या, रुग्णालयाच्या, पतपेढीच्या कार्यकारिणीवर असतील. संगणक-जाळे विकत घेण्याचे प्रस्ताव त्यांच्यापुढे येतात आणि ‘तांत्रिक बाब’ म्हणून न वाचता मंजूर होतात. पुढच्या वेळी चार प्रश्न विचारून पाहावेत. चाचणी कोणत्या आकाराच्या पाकिटांनी घेतली? त्यांचे पत्ते एकच होते की अनेक? एकही पाकीट न हरवता हा वेग किती वेळ टिकला? आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्राचा स्वतःचा वेग किती होता? या चार प्रश्नांना अभियंता असावे लागत नाही. उत्तरे चटकन आली तर माणसाने काम नीट केले आहे असे समजावे. उत्तरे आली नाहीत, तर सही करण्याआधी प्रस्ताव परत पाठवावा.